भिंगरीचा गुडघा

मिरचीच्या खळ्यावर दिवसभर देठ खुडले की हातांची आग साबणाने जात नाही. तेलाने जात नाही, राखेनेही जात नाही. भिंगरीच्या आईने सगळं करून पाहिलं होतं. संध्याकाळी ती घरी यायची, दारातच बसून कोपरापर्यंत हात घासायची, हुंगून बघायची, आणि मग नवऱ्याचे जुने पायमोजे हातांत चढवून पोरीचे पाय धरायची. पायमोज्यांची युक्ती तिला हंगामाच्या दुसऱ्या दिवशी सुचली. पहिल्या दिवशी तशीच बसली होती, तर पोरीच्या मांड्यांवर दहा बोटांचे दहा लाल ठसे उठले. पोरगी अशी किंचाळली की शेजारीण हातातलं काम टाकून दारात आली.

"अगं, मारतेस काय तिला?"

"व्यायाम करून घेतेय."

"असला असतो होय व्यायाम?" म्हणून ती गेली, आणि जाताना चार घरांत सांगत गेली.

भिंगरी सहा वर्षांची. हे नाव आत्याने ठेवलं होतं, जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी, कुणाला काही ठाऊक नव्हतं तेव्हा. जन्मताना पोर रडलीच नव्हती. बराच वेळ निळी पडून होती, मग एकदाची रडली आणि सगळे हसले. पुढे वर्ष झालं तरी मान धरेना, तीन वर्षांची झाली तरी बसेना. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, गुडघे वाकलेले ते वाकलेलेच. हात तिचे तिच्या मर्जीने चालायचे, पण शांत असली तरच. डोकं मात्र लख्ख होतं. तोंडातून शब्द निघायचे ते ओले, कडा नसलेले. ओठ मिटायचे नाहीत म्हणून निम्मी अक्षरं तिला यायचीच नाहीत. तिचं बोलणं साऱ्या जगात दोघींनाच कळायचं, आईला आणि आत्याला.

बापाला कळत नसे. तो गावोगाव फिरून विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. घरी आला की ग्रीसच्या हातांनिशी लेकीपुढे उकिडवा बसायचा. "काय म्हणते गं माझी राणी?" लेक सांगायची, भरभरून सांगायची. तो मान डोलवायचा आणि मग वर बघायचा, बायकोकडे नाहीतर बहिणीकडे.

बहीण म्हणजे आत्या. नवरा गेल्यावर धाकट्या भावाकडे राहायला आली, त्याला पाच वर्षं झाली होती. मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. भिंगरीला कडेवर मारून ती गावभर हिंडायची, कोंबड्यांच्या नकला करायची, आणि भिंगरी तोंड उघडं टाकून, लाळ गाळत, अंग ताठ होईस्तोवर हसायची. आईजवळ ती कधी तशी हसत नसे. आई म्हणजे पाय ओढणारी.

दर मंगळवारी गावच्या दवाखान्यात व्यायामाच्या मॅडम यायच्या. जमिनीवर निळी गादी अंथरायच्या, आया आपापली पोरं घेऊन भिंतीला टेकून ओळीने बसायच्या. हंगामामुळे भिंगरीचे दोन मंगळवार बुडाले होते. तिसऱ्या मंगळवारी आईने मुकादमाकडे अर्धा दिवस मागितला.

"कशाला?"

"पोरीला न्यायचंय."

"अजून नेतेच आहेस का? बरं जा. पोरगी पळायला लागली की सांग, तिलाही घेऊ खळ्यावर."

बायका हसल्या. हसणं भाग होतं म्हणून तीही हसली.

मॅडमनी भिंगरीचा पाय गादीवर ठेवला, कोन मोजायची प्लॅस्टिकची पट्टी गुडघ्याला लावली, वहीत मागचं पान काढलं.

"मागच्या वेळी पाय सरळ व्हायला पस्तीस अंश कमी पडत होते. आज चाळीस. घरी करता काय हो तुम्ही?"

"खळ्याचा हंगाम आहे, मॅडम."

"मिरच्या वाळतायत, तशी पोरगीही वाळतेय." त्या मोठ्याने म्हणाल्या. भिंतीजवळच्या आयांनी माना खाली घातल्या. एक मात्र नीट बघत होती. तिच्या मुलाचे वीसच कमी होते. "पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला मोठ्या दवाखान्यात शिबिर आहे. ज्यांचा गुडघा पंचवीसच्या आत, त्यांना चालायचे बूट आणि धरून चालायची घोडी. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी ती आणखी मोठी होईल, पाय आणखी आखडतील. कळतंय ना?"

"हो."

मॅडमचा आवाज जरा उतरला. त्यांनी आईचे हात धरून पोरीच्या पायावर ठेवले. "हे बघा. हळू. जोर लावायचा नाही. ताण द्यायचा, धरून ठेवायचा, तीस मोजायचे, सोडायचं. उभी न राहिलेल्या पोरांची हाडं पोकळ काडीसारखी असतात. ओढून पाय लांब होत नाही. काय सांगितलं?"

"हळू."

"आणि?"

"जोर लावायचा नाही."

सगळ्यांसमोर शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं, तेव्हा मॅडमनी पुढच्या मुलाला बोलावलं.

त्या दिवसापासून घरात शिबिर शिरलं. आई पहाटे उठून पाय ताणायची, कामावरून आली की ताणायची. दुपारी गुडघ्यांना ताठ पट्टे बांधून दोन तास ठेवायचे, ते काम आत्याकडे होतं. बापाने जुन्या पंपाचे दोन पाईप कापले, अंगणात समोरासमोर रोवून भिंगरीच्या काखेइतका कठडा केला. भिंगरीला त्यात उभी केली की ती काखांवर लोंबायची, टाचा वर, डोळे मोठे. पण एका संध्याकाळी ती खरंच पायांवर उभी राहिली. आठ मोजेपर्यंत. बाप आठ म्हणाला आणि नऊ म्हणायचं विसरून रडायलाच लागला.

मोजायची पट्टी घरी नव्हती. आईने आपला हिशोब काढला होता. पोरीचा पाय पाटावर सपाट धरायचा आणि गुडघ्याखालच्या फटीत बोटं घालून बघायची. सुरुवातीला फट पाच बोटांची होती. पंधरा दिवसांत चार झाली. एकदा तर तीनच बसली. त्या दिवशी ती खळ्यावर गाणं गुणगुणत होती, आणि शेजारची बाई म्हणाली, "आज मिरची गोड लागतेय वाटतं."

घरी येऊन बघते तो भिंगरी आत्याच्या कडेवर, पट्टे खुंटीवर.

"ताई, पट्टे कुणी सोडले?"

"मी. वळ उठले होते तिला."

"उठू देत. दोन तास ठेवायचे असतात."

"तू बस की स्वतःच्या पायांना बांधून दोन तास. मग मला सांग."

"आणि कडेवर घेऊ नका म्हटलंय ना? पाय वाकलेलेच राहतात त्याने. मॅडमनी शंभरदा सांगितलंय."

"मॅडमना काय जातंय? आठवड्यातून एकदा पट्टी लावायची न् जायचं. लेकरू दिवसभर रडतं ते मी ऐकते. तू तर खळ्यावर असतेस."

हे शेवटचं तिला लागलं. तेवढ्यात कडेवरून भिंगरी काहीतरी म्हणाली आणि आत्या खदखदून हसली. "आई तिखट आहे म्हणते! ऐकलंस का रे? आई तिखट!" अंगणात पंप खोलून बसलेला भाऊही हसला. आईला आत्याने सांगायच्या आधीच कळलं होतं. ती आत गेली, पायमोजे चढवले, आणि पोरीला आत्याच्या कडेवरून ओढून घेतलं. भिंगरीने हसणं तिथेच थांबवलं.

शिबिराला आठ दिवस राहिले आणि पोर तापाने पडली. दोन दिवस कुणी पाय धरले नाहीत. ताप उतरल्यावर आईने पाटावर पाय ठेवून बोटं घातली. चार आरामात बसली, वर जागा उरली. तिने पुन्हा घालून पाहिली. मग पाट भिंतीला उभा करून ठेवला.

पाच दिवस राहिले तेव्हा खळ्यावर वारं सुटलं. वाळलेल्या मिरच्या उडायला लागल्या, डोळे उघडवेनात, ठसक्याने बायका बेजार झाल्या. ताडपत्र्या टाकून मुकादमाने सगळ्यांना दुपारीच सोडलं. ती घरी आली तर आत्या नव्हती. तापातली पांघरुणं धुवायला नदीवर गेली होती. भिंगरी पलंगावर झोपलेली, कडेला नेहमीसारखी गोधडीची वळकटी लावलेली. पट्टे खुंटीवर.

तिने हात धुतले. पायमोजे चढवले. पोरीला खाली चटईवर घेतलं. भिंगरी जागी झाली, आईला पाहून तिचं अंग आधीच ताठ झालं. "आ-या," ती म्हणाली. आत्या.

"आत्या नाहीये. आपण पटकन करून टाकू."

पाय काही केल्या सैल होईना. ती मोजायची, तीसपर्यंत जायची, सोडायची, की पाय पुन्हा जागेवर. जणू आत कुणीतरी दोरी धरून बसलं होतं. पोरगी रडत होती, आत्याला हाका मारत होती, हात भलतीकडे उडत होते, त्यातला एक आईच्या डोळ्यावर बसला. मिरचीने आधीच सुजलेला डोळा. झर्रकन पाणी आलं. तिने आपला गुडघा पोरीच्या मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी घोटा धरला. एकदा सरळ झाला पाहिजे, तिच्या मनात आलं. एकदाच. मग सवय होईल त्याला. आणि तिने अंगाचा भार टाकला.

आवाज मोठा नव्हता. ओली शेंग मोडावी तेवढाच. आणि पाय सरळ झाला. चटईला टेकला, पार सपाट. एक क्षण, एकच क्षण, तिला आनंद झाला.

मग भिंगरीचं रडणं थांबलं. तोंड उघडं, डोळे उघडे, आवाज नाही. नंतर जो आवाज आला तो तिने त्याआधी कधी ऐकला नव्हता. गुडघ्याच्या वर मांडी वाकडी दिसत होती, जिथे वाकायला नको तिथे.

आत्या ओल्या पांघरुणांचा पिळा खांद्यावर घेऊन दारात आली तेव्हा आई पोरीजवळ बसलेली होती. पायमोजे तिने काढून पदराखाली घेतले होते.

"काय झालं? अगं, काय झालं तिला?"

"पलंगावरून पडली." हे शब्द कुठून आले ते तिलाही कळलं नाही. पण एकदा आले आणि मग पुढचे आपोआप आले. "मी आले तर खाली पडलेली. तुम्ही कुठे होता? एकटीला टाकून कुठे गेला होता तुम्ही?"

आत्याच्या खांद्यावरून पांघरुणं घसरली. "वळकटी लावली होती," ती म्हणाली. "मी नेहमी लावते. झोपली होती गं ती." आणि मग तिने स्वतःच्या थोबाडात मारून घेतली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आई बघत राहिली. तिला थांबवावंसं वाटलं नाही.

मोठ्या दवाखान्यात फोटो काढला, मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, कशी पडली. आईने सांगितलं. डॉक्टरांनी लिहिलं. कंबरेपासून बोटांपर्यंत प्लास्टर चढलं. आत एकालाच सोडत असत, म्हणून आत्या दोन दिवस बाहेरच्या पायरीवर बसून राहिली, पाण्याशिवाय तिने काही तोंडात घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या मॅडम आल्या. आधी आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जोर तर नव्हता ना लावला?"

"नाही, मॅडम."

मग त्या खाटेवर वाकल्या. "भिंगरी, काय झालं गं तुला?"

भिंगरी बोलली. सावकाश बोलली, एकेक शब्द तोंडातून उचलून बाहेर ठेवावा तशी.

"काय म्हणते?" मॅडमनी मान वळवून विचारलं.

"पडले म्हणते. पलंगावरून."

भिंगरीने आईकडे पाहिलं. रागाने नाही. नीट ऐकू न आलेल्या माणसाकडे बघावं तसं. आणि तिने तेच पुन्हा सांगितलं, आणखी हळू.

"आता काय म्हणाली?"

"दुखतंय म्हणते."

"दुखणारच बाळा," म्हणून मॅडमनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी पोरीला घरी आणलं. पलंगावर नीट ठेवेपर्यंत आत्या लांब उभी होती, जवळ यायची तिची हिंमत होत नव्हती. भिंगरीनेच हाक मारली. आत्या बसली, कान तोंडाजवळ नेला. आई चुलीशी पाठमोरी होती. तिने भांडं खाली ठेवलं नाही, वळलीही नाही. मागे भिंगरीचा आवाज चालू होता. मग तो थांबला.

"इकडे ये रे," आत्याने अंगणातल्या भावाला बोलावलं. "तुझी पोरगी काय म्हणते ऐक. पडली नाही ती. हिने मोडला पाय. मांडीवर बसून दाबला."

तो हात पुसत आला. एकीकडे बहीण, एकीकडे बायको. "काय म्हणते ताई?"

"मला काय विचारता? पोरीला विचारा," बायको म्हणाली.

तो पलंगाजवळ गुडघ्यांवर बसला. "सांग राणी. बाबाला सांग."

"आ-ई. दा-अं." दाबलं.

तो तिच्या ओठांकडे बघत होता, स्वतःचे ओठ तसेच हलवत होता. "आई का आत्या? परत सांग. आई का आत्या?"

"आ-ई."

"अगं, आत्या म्हणते का आई?" त्याने वर बघून विचारलं. सवयीने बघितलं ते बायकोकडेच.

"आत्या गेली, म्हणते," बायको म्हणाली. "आत्या गेली आणि मी पडले."

आत्या उठून उभी राहिली. "स्वतःच्या तोंडाने खोटं बोलली असतीस तर एकवेळ समजले असते. पोरीच्या तोंडाने बोलतेस?"

"बोटाने दाखव, राणी," बाप घाईला आला होता. "कुणी केलं? दाखव."

भिंगरी घाबरली होती. घाबरली की हात तिचा राहत नसे. तिने सारं अंग पिळवटून हात उचलला, तो आईच्या दिशेला निघाला, मध्येच झटका खाऊन उलटा फिरला आणि पलंगाला खेटून उभ्या असलेल्या आत्याच्या पोटावर जाऊन आदळला.

भिंगरी तो हात परत ओढायला बघत होती, आणि तो येत नव्हता.

"ताई," भाऊ म्हणाला, "तू तिला एकटीला टाकून गेली होतीस का नाही?"

"गेले होते. पांघरुणं धुवायला."

"मग?"

गेली तर ती होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत दोन लुगडी घालून ती दिराच्या गावी गेली. तिथे तिला कुणी बोलावलेलं नव्हतं. भाऊ सोडायलाही गेला नाही. भिंगरीने दुपारपर्यंत हाका मारल्या. तिला काय हवंय ते बापाने विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "पाणी."

दहा तारीख आली आणि गेली. ज्या मुलाचे वीसच कमी होते त्याला घोडी मिळाली. त्याची आई त्याला रस्त्यावरून चालवत नेत होती, तेव्हा भिंगरीच्या आईने दार लोटून घेतलं. पोरीजवळ बसायला आता कुणी नव्हतं, म्हणून खळंही सुटलं. प्लास्टर निघालं तेव्हा आतला पाय काठीसारखा, साल निघालेला. मॅडमनी पट्टी लावली. साठ. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही, नुसता लिहिला.

"पहिल्यापासून करू," त्या म्हणाल्या. "फार हळू करायचं."

आई हळूच करायची आता. इतकं हळू की पायाला कळूही नये. बोटं नुसती ठेवायची आणि मोजायची. भिंगरी छताकडे बघत पडून राहायची. रडत नसे, बोलतही नसे. बाप कौतुकाने म्हणायचा, "शहाणी झाली हो पोर."

पुढे महिन्याभराने मॅडम एक पुठ्ठ्याची पाटी घेऊन घरी आल्या. त्यावर चित्रं होती. आई, बाबा, पाणी, भूक, झोप, हात, पाय, डोकं, आणि एक रडका चेहरा, म्हणजे दुखतं. "तिला काय म्हणायचंय ते ती बोटाने दाखवील. वेळ लागेल, पण द्यायचा. आता मध्ये सांगणारं कुणी नको," मॅडम बापाला म्हणाल्या. "ती आणि तुम्ही."

बापाने त्या दिवशी काम घेतलं नव्हतं. अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून तो लेकीसमोर बसला. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"बोल राणी," बाप म्हणाला.

भिंगरी कितीतरी वेळ पाटीकडे बघत राहिली. मग तिने श्वास सोडला, अंग सैल केलं आणि हात उचलला. बोट थरथरत, वाट चुकत, परत येत एका चित्रावर टेकलं.

"आई!" बाप ओरडला. "आई म्हणाली!"

बोट उठलं. रडक्या चेहऱ्यावर गेलं. तिथून पायावर.

"आई. दुखतं. पाय." बापाने तिन्ही शब्द जुळवले, पुन्हा जुळवले, आणि त्याचं तोंड उजळलं. "आईचे पाय दुखतात! अगं, ऐकलंस का? तुझे पाय दुखतात म्हणते. दिवसभर उचलतेस, धरतेस, तिला सगळं दिसतं गं!" त्याचे डोळे भरून आले. "पहिलं बोलणं, आणि ते आईसाठी."

"केवढी समज आहे बघा," मॅडमही गहिवरल्या. "खरंच दुखतात का हो पाय?"

भिंगरी आईकडे बघत होती.

"हो," आई म्हणाली. "दुखतात."

भिंगरीने बोट पुन्हा उचललं, अर्ध्यावर आणलं, आणि मग हात मांडीवर पडू दिला. बापाने "अजून काय? अजून?" म्हणून पाटी पुढे केली, हलवली, तिच्या हाताखाली सरकवली. तो हात तसाच पडून राहिला.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत बापाने बायकोला हात धरून पाटावर बसवलं. ती नको नको म्हणत होती. "गप बस. एवढं पोरीला कळतं, मला कळू नये?" तो म्हणाला आणि तेलाची वाटी घेऊन तिचे पाय दाबायला लागला. पोटऱ्या, घोटे, तळवे, सगळं सावकाश, मनापासून. "इथे दुखतं? इथे?" तो विचारत होता, आणि ती प्रत्येक वेळी हो म्हणत होती. भिंगरी पलंगावरून बघत होती. तिने तोंड भिंतीकडे वळवलं नाही, डोळेही मिटले नाहीत. दोन्ही पाय दाबून होईपर्यंत ती बघत राहिली.